तिसऱ्या सहीचं पेन

बद्रीनाथ गुरुजींनी सत्यमला नकार दिला नव्हता, अट घातली होती. नकार बरा. नकार मिळाला की माणूस घरी येऊन तोंडावर पांघरूण घेऊन पडतो. अट मिळाली की घरी येऊन काम करावं लागतं.

सत्यम चिकलठाण्याच्या एका कंपनीत लेथवर लोखंडी बुश कातायचा. पर्मनंट होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यानं गंमत म्हणून त्याच लेथवर बाभळीचा तुकडा लावला, त्याचं पेन कातलं आणि तिथून त्याचं डोकं फिरलं ते फिरलंच. सहा महिन्यांत नोकरी सोडून तो घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी पेनं करायला लागला. पेनं खपतही होती. पण "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "पेन करतो" हे उत्तर हर्सूलला, गुरुजींच्या बैठकीत, काही चाललं नाही.

"पेन करायचं नसतं, चालवायचं असतं," गुरुजी म्हणाले आणि खिशातून सॅनिटायझरची बाटली काढून त्यांनी हात चोळले. ही त्यांची करोनातली सवय. करोना गेला, सवय राहिली. सत्यमशी हात मिळवायच्या आधी बाटली एकदा निघाली होती, नंतर दोनदा.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. दौलताबादकडच्या ज्या वाडीत त्यांनी हयात घालवली, तिथं त्यांनी प्रौढांचे वर्ग घेऊन घेऊन एकाही कागदावर अंगठा उठू दिला नव्हता. एक म्हातारी तर सही शिकली आणि दुसऱ्या दिवशी वारली. "पण गेली ती साक्षर गेली," असं गुरुजी अजून सांगायचे, आणि ऐकणाऱ्यानं मान हलवायची असा रिवाज होता.

प्रेरणानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, सत्यमला स्वच्छ सांगितलं होतं. "रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. दोन, तुझा मित्र अतुल आणि त्याची बायको. तिसरी सही बाबांची. ती नसली तर माझीपण नाही."

मग गुरुजींची अट आली. "तुझ्या हातचं एक पेन आण. माझ्या हातात नीट बसलं आणि कागदावर नीट चाललं तर त्याच पेनानं सही करतो. नाहीतर तिथूनच उठून घरी."

लग्नाला आठ दिवस होते. "बाबांना निळा रंग आवडतो," प्रेरणा म्हणाली. या एका वाक्यानं सगळा घोळ झाला.

बाभळीचं पेन सत्यमनं अर्ध्या दिवसात कातलं. आत काळी रिफील. मग स्पिरिटमध्ये कालवलेला निळा रंग दिला. लाकूड असं निळं झालं की सत्यम स्वतःच दोन पावलं मागं सरकला. आता फक्त वरून चकाकी द्यायची होती. त्यानं लाखेचं पॉलिश घेतलं, बोळा भिजवला आणि फिरवला. लाखही स्पिरिटातच विरघळवलेली असते. वरचं स्पिरिट खालच्या स्पिरिटाला असं भेटलं, जसं गावाकडचं माणूस बसस्टँडवर भेटतं. दोघंही निघून गेले. रंग बोळ्यावर आला आणि पेनावर कोड फुटल्यासारखे पांढरे डाग राहिले.

सत्यमनं पेन घासलं, पुन्हा रंगवलं आणि आता लाखच नको म्हणून झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाचे थर द्यायचं ठरवलं. पहिला थर दिला. थर दुधासारखा पांढरा पडला आणि नखानं सोलून निघाला.

"आई, पेनाला हात लावला होता का?"

"हात कशाला लावू? तेल लावलं," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात लाकडाच्या प्रत्येक वस्तूला शनिवारी खोबरेल लागायचं. पोळपाट, लाटणं, पाटा नाही पण पाट, सगळ्यांना. "लई कोरडं पडलं होतं लेकरू."

"तेलावर गोंद धरत नाय, आई."

"तुझ्या डोक्याला लावते मी तीस वर्षं. त्याच्यावर काय धरलं मग?"

पेन पुन्हा घासलं. घासून घासून ते आता लग्नाच्या चिंतेतल्या माणसासारखं बारीक झालं होतं. तीन दिवस उरले तेव्हा सत्यम ते फडक्यात गुंडाळून कचरू मिस्त्रीकडं गेला. कचरू मिस्त्रीनं अर्ध्या शहराच्या दारांना पॉलिश केलेलं. त्यानं पेन नाकाशी धरलं.

"राजा, स्पिरिटावर स्पिरिट चढवू नको. याच्यावर तेलाचा वार्निश मार. पातळ दोन हात. अन् आठ दिवस बोट लावू नको."

"तीनच दिवस आहेत."

"मग लग्न पाच दिवस पुढं ढकल."

"मिस्त्री, पेनासाठी लग्न?"

"मी दारासाठी वास्तुशांत थांबवलेली हाय," कचरू म्हणाला. "वार्निश कच्चा असला की एकच गोष्ट सांभाळ. स्पिरिट जवळ येऊ देऊ नको. वासपण नाय."

सत्यमनं दोन हात दिले आणि पेन दोऱ्यानं भिंतीजवळच्या कडीला टांगलं. पंखा जोरात लावला की पेन भिंतीवर आपटायचं, म्हणून तीन दिवस घरात पंखा एकवर. मे महिना होता. मुक्ताबाई पदरानं वारा घेत पेनाखाली बसायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "वाळ रे बाबा. माणसं वाळली."

लग्नाच्या सकाळी पेन कोरडं लागलं. सत्यमनं बोट लावून बघितलं, ओठ लावून बघितलं. निळं, गुळगुळीत, चकाकतं.

नोंदणी कार्यालयात मेघा मॅडमनी अर्ज टेबलावर पसरला. सत्यमनं सही केली, प्रेरणानं केली, अतुलनं आणि त्याच्या बायकोनं केली. पेन झकास चाललं. मग ते गुरुजींसमोर आलं.

गुरुजींनी खिशातून बाटली काढली.

सत्यमला कचरू मिस्त्री आठवला. बाटलीत स्पिरिटच होतं. "गुरुजी, नको!" तो ओरडला, पण इतक्या शुद्ध हेतूनं हात धुणाऱ्या माणसाला "नको" म्हणायला त्याच्याकडं कारण तयार नव्हतं. गुरुजींनी दोन्ही हात मनगटापर्यंत ओले केले आणि पेन उचललं.

त्यांनी ते धरलं, फिरवलं, दाबलं. तब्बल मिनिटभर.

"चिकट आहे," ते म्हणाले. "आणि बारीक. नापास." पेन खाली ठेवून त्यांनी उजव्या अंगठ्यानं अर्ज पुढं ढकलला. "प्रेरणा, ऊठ."

प्रेरणा उठली नाही. ती अर्जाकडं बघत होती. तिसऱ्या साक्षीदाराच्या चौकटीत, बरोबर मधोमध, निळाभोर अंगठा उठला होता. एकेक रेघ मोजून घ्यावी असा.

मेघा मॅडमनी चष्मा सरळ केला. "काका, अंगठा केला का? आधी सांगायचं ना. अंगठा असला की शेजारी निशाणी म्हणून लिहावं लागतं." त्यांनी लिहायला सुरुवात केली. "पण हा उजवा आहे. डावा लागतो. शिक्षण काही झालंय का तुमचं?"

गुरुजी आपल्या अंगठ्याकडं बघत होते. चाळीस वर्षांत त्यांच्या हद्दीत उठलेला पहिला अंगठा होता तो, आणि त्यांचाच होता.

"थांबा," ते म्हणाले. "काही लिहू नका." त्यांनी खिशातली दोन पेनं काढली. दोन्ही लाल.

"लाल चालत नाही," मॅडम म्हणाल्या. टेबलाला सुतळीनं बांधलेलं पेन उमटेना.

गुरुजींनी बाभळीचं पेन पुन्हा उचललं. अंगठ्याशेजारी त्यांनी संपूर्ण नाव लिहिलं, वळणदार, शिरोरेघेसह. खाली सेवानिवृत्त मुख्याध्यापक. त्याखाली बी.ए., बी.एड. मॅडमनी हात धरला नसता तर त्यांनी सेवेचा तपशीलही लिहिला असता.

"आता वाचता येतंय?" त्यांनी विचारलं.

"येतंय," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला.

सत्यम आणि प्रेरणा पाया पडले. गुरुजींनी सत्यमच्या पाठीवर हात ठेवला, आणि पांढऱ्या शर्टावर पाच निळी बोटं उठली. मुक्ताबाईंनी पिशवीतून खोबरेल काढलं, पण रंग हलला नाही.

"गुरुजी, पेन?" सत्यमनं हात पुढं केला.

"हातात बसलं नाही. कागदावर चाललं. पन्नास टक्के," गुरुजी म्हणाले आणि पेन खिशात घातलं. "पस्तीसला पास असतो."

पाच दिवसांनी वार्निश वाळला. कचरू मिस्त्रीचा हिशेब चुकत नाही. तरीही गुरुजी पेन डाव्या खिशात ठेवतात आणि बाटली उजव्या. मध्ये त्यांचं पोट आहे.