उशिरा येणाऱ्यांसाठी बंद

मी टिटवाळ्याजवळच्या एका सरकारी शाळेचा लोखंडी दरवाजा बोलतोय. डोंबिवलीच्या एका वर्कशॉपमध्ये मला जोडलं, निळा रंग दिला आणि टेम्पोतून इथे आणून बसवलं. कितीतरी वर्षं माझी कडी कुणी धड लावलीच नाही. मुलं माझ्यावर लोंबकळायची. उशीर झालेली अंग चोरून आत शिरायची.

मग एक खासगी संस्था शाळा चालवायला पुढे आली. पटांगणात पालकांची सभा भरली. खर्च सरकार देणार होतं, पण दहावीचा निकाल घसरला तर करार रद्द.

"मग संस्था कच्ची मुलं ठेवेल कशाला?" गणिताच्या नीलाबाईंनी विचारलं.

शाळा समितीचे अध्यक्ष काळुराम उठले. गावात त्यांचा शब्द चालायचा. "बाई, तुमच्याकडं निम्मी पोरं नापास होतात. आता जरा शिस्त लागू दे."

टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या.

संस्थेने खरंच शाळा सुधारली. शिक्षक वेळेवर येऊ लागले, प्रयोगशाळा उघडली. मला कुलूप आलं. प्रार्थना सुरू झाली की मी बंद.

काळुरामांची नात कृतिका तेव्हा नववीत होती. तिची आई शकू डायलिसिससाठी कल्याणला जायची. त्या त्या दिवशी धाकट्या भावाला बालवाडीत सोडून कृतिका शाळेत यायची, तोवर उशीर झालेला असायचा. माझे गज धरून ती आतलं गणित ऐकत राहायची. एकदा तिने मला हळूच ढकलून पाहिलं. मला हलता आलं नाही.

वर्षअखेरीस तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. गैरहजेरी फार, गणित कच्चं.

काळुराम तरातरा आले. वॉचमनने अपॉइंटमेंट विचारली.

"अरे, या लोकांना मीच आणलंय."

"नियम आहे, काका."

मुख्याध्यापिका मेघना मॅडम माझ्यापर्यंत आल्या. "एकीसाठी नियम मोडला तर बाकीचे पालक काय म्हणतील? शिस्त तुम्हालाच हवी होती ना?"

"तिची आई आजारी आहे हो," काळुराम एवढंच म्हणाले. मॅडमनी मान खाली घातली. किल्ली काही काढली नाही.

यंदा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. तो फलक तारेने माझ्या अंगावर बांधलाय. कृतिका घरीच असते. भावाचा हात धरून समोरून जाते, इकडे बघत नाही.

फलक वाचायला थांबणाऱ्यांनो, या शंभरात कोण नाही, तेही एकदा आत जाऊन विचारा. मला विचारता येत नाही. मी नुसता बंद होतो, आणि उघडतो तेही दुसऱ्याच्या हाताने.