ओटीचा दगड

भीमेला पूर आला की गावातल्या बायका तिची ओटी भरायच्या आणि पाणी जिथं थांबलं तिथं एक दगड मांडायच्या. पानशेत फुटलं त्या साली पाणी वरच्या आळीतल्या लिंबापर्यंत चढलं होतं. तिथल्या दगडावर इलाही मिस्त्रीच्या बापानं छिन्नीनं रेघ ओढली, साल कोरलं. तेवढं पाणी पुन्हा काही आलं नाही.

पुढं त्या दगडाची पूजा करायला म्हाताऱ्या बायांना तो चढ चढवेना. तेव्हा त्या बायांतल्या अनसाबाईनंच इलाहीला गळ घातली होती, "इलाहीभाऊ, दगूड तेवढा खाली घाटावर आणून बसव की. गुडघं मोडायची पाळी आलीय बायांची."

इलाहीनं दगड खाली आणून घाटाच्या ओट्यात चुन्यात पक्का बसवला. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाखाली तो पहिल्यापासून तिथलाच वाटायला लागला.

अठ्ठ्याण्णव साली पूल मंजूर झाला. अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर, मधे भीमा. पूर्वी बांधकाम खात्याचे लोक दोन-तीन पावसाळे नदी बघायचे, नकाशा काढायचे, मग ठेकेदार शोधायचे. या खेपेला तऱ्हा नवी होती. ज्यानं पूल आखायचा त्यानंच तो बांधायचा. एकच कंपनी, रक्कमही आधीच ठरलेली.

"काम लवकर होतं," खात्याचे आनंदराव म्हणाले. वीस वर्षं त्यांनी या नदीवर मापं घेतली होती. पण हे बोलताना ते नदीकडं बघत नव्हते.

कंपनीचा तरणा साहेब दुर्बीण घेऊन घाटावर आला. जागा दोन होत्या, एक ही आणि दुसरी वरच्या अंगाच्या गावाची. सगळा गाव गोळा झाला होता.

"आजवरचं सगळ्यात मोठं पाणी हेच ना?" त्यानं दगडावरच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं.

"व्हय साहेब, साल बी हाय की खाली," भैरू सरपंच म्हणाला. दगड हलवला तेव्हा तो पाळण्यात होता.

इलाहीनं अनसाबाईकडं बघितलं. अनसाबाईला मात्र तिची सिंधू दिसत होती. पलीकडं दिलेली लेक भर पुरात अडली होती. नाव बंद. दौंडवरून वळसा घालून आई पोचली तोवर बाळ गेलं होतं. खरं सांगावं तर पूल उंच बांधावा लागणार, आणि उंच म्हटल्यावर कंपनी दुसऱ्या गावाला जाणार. अनसाबाईनं पदर तोंडाशी धरला. ती गप्प राहिली म्हणून इलाहीही गप्प राहिला.

वर्षभरात नदीत खांब उभे राहिले. ते लिंबाच्या बुंध्यापेक्षाही खाली राहिले, हे अनसाबाईला दिसत होतं. शेवटी इलाहीला घेऊन ती आनंदरावांकडं गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

आनंदरावांनी कागद पुढं ओढला. "पूर्वी असतं तर मी आजच नकाशा परत पाठवला असता, अनसाक्का. आता आखणी त्यांची, काम त्यांचं, जबाबदारीही त्यांचीच. मी फक्त पत्र लिहू शकतो."

त्यांनी पत्र लिहिलं. साहेब आला.

"आजी, वरचा भाग अजून कागदावरच आहे," तो म्हणाला, "पण पाये त्याच उंचीच्या हिशेबानं घातलेत. आता वर वाढवता येत नाही."

"मग समदं ठरायच्या आधी पाये का घातलं?"

"तीच तर पद्धत आहे. त्यात वर्ष वाचतं."

"आमी तर संडास बांधायचा म्हणलं तरी आधी छपराचं ठरवितो, साहेब," इलाही म्हणाला.

साहेब हसला. "दगडावर रेघ आहे, साल आहे, गावानं सह्या केल्यात. तुमच्या म्हणण्याला कागद आहे का काही?"

कागद नव्हता.

पूल झाला. सिंधू अर्ध्या तासात माहेरी यायला लागली. इलाहीचा लेक अनिस रोज पहाटे पलीकडून दुधाचे कॅन टेम्पोत भरून आणायचा. पाच-सहा पावसाळे नदी खांबांखालून मुकाट गेली.

"पाणी आता तेवढं येत नसंल, भाऊ," अनसाबाई एकदा म्हणाली.

"नदीला काय म्हातारपण येतंय व्हय?" इलाही म्हणाला.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात वरच्या धरणांचं पाणी सुटलं. रात्रभरात नदी पुलावर चढली आणि पहाटे हातभर उतरली. पूल जागचा हलला नव्हता. पण पुलाला जोडणारा अलीकडचा मातीचा भराव आतून वाहून गेला होता. वरचं डांबर तेवढं पापडासारखं शिल्लक होतं. रात्री पलीकडंच अडकलेल्या अनिसला पूल रिकामा दिसला आणि त्यानं टेम्पो घातला. पूल संपला तिथं डांबर खचलं.

तिसऱ्या दिवशी तो खाली दौंडच्या अंगाला सापडला. कंपनीची माणसं आली, पूल शाबूत असल्याचं लिहून घेऊन गेली.

पाणी पुन्हा वरच्या आळीतल्या लिंबापाशीच थांबलं होतं.

अनिसचा चाळिसावा दिवस झाल्यावर इलाहीनं पहार घेतली आणि घाटावरच्या गाळातून तो दगड उपटून काढला. अनसाबाई मागून आली. दोघांनी तो कसाबसा चढावरून वर नेला.

लिंबाखाली दगड जुन्या जागी टेकवून ती खाली बसली. "इलाहीभाऊ, त्या दिशी मी बोलले असते तर..."

"मला काय जीब नव्हती?" इलाही म्हणाला. त्यानं पिशवीतून पातळी बघायची मिस्त्रीची पारदर्शक नळी काढली, तीत तांब्याभर पाणी ओतलं. "समोरच्या शाळंच्या भिंतीवर गाळाची रेघ हाय बघ. तिथं हे टोक धर. म्हंजी दगडाची रेघ तेवढ्यालाच येती का ते कळंल."

"आता कुणाला दावायचीय ती?"

"कुणाला न्हाई. धर."

अनसाबाई भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिचा हात थरथरत होता, तसं इकडं इलाहीच्या टोकातलं पाणी वर-खाली होत होतं.

"हात हालवू नगंस, अक्का," तो म्हणाला. "पाणी थिरावू दे."

तिनं नळी दोन्ही हातांनी गच्च धरली. पाणी काही थिरावलं नाही. इलाही दगडापाशी उकिडवा बसून वाट बघत राहिला.