पाहुण्यांचा कटर

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता हॉटेलमालकाने सिगार कापायचा कटर काकांच्या काउंटरवर आपटला.

"महिन्याभरात बोथट! हीच का तुमची धार?"

काकांचं सुऱ्या-कात्र्यांचं दुकान एकतीस वर्षांचं, आणि त्याचं निम्मं पोट या एका हॉटेलावर. दर सोमवारी तिथल्या किचनमधल्या साठ सुऱ्यांची पेटी धारेला यायची, बुधवारी परत जायची. म्हणून काकांनी ऐकून घेतलं. मालकाच्या पाठीमागे उभा असलेला मॅनेजर डोळ्यांनीच 'सांभाळून घ्या' म्हणत होता.

मालकाने खिशातून सिगार काढली, तिचं टोक तोंडात घालून चांगलं चोखलं आणि कटरमध्ये दाबलं. टोक कापलं गेलं नाही, चेचलं. लाळेने भिजलेला तंबाखूचा चोथा काउंटरवर पडला.

"घ्या, तोंडात धरून बघा, म्हणजे कळेल!"

काकांनी सिगारला हात लावला नाही. कटर दिव्याखाली धरला. दोन पात्यांच्या मधे काहीतरी पिवळट अडकलं होतं. चिमट्याने ओढून त्यांनी ते पांढऱ्या कागदावर ठेवलं. शेजारी कात्रीचा स्क्रू आवळत बसलेली सून बघायला वाकली आणि तोंडावर हात धरून मागे सरकली.

"बाबा, हे..."

"नख. पायाच्या अंगठ्याचं."

मॅनेजर छताकडे बघू लागला. मालकाला काहीच वाटलं नाही.

"मग? पोलादच आहे ना? नखाने काय होतंय!"

"पाती फाकतात. मग कटर कापत नाही, चावतो."

सुनेने तीन नवे कटर मांडले. काकांनी पहिला मिटून दिव्यासमोर धरला. पात्यांमधून उजेडाची रेघ आली. बाजूला. दुसऱ्याचं पातं खोबणीत डुगडुगत होतं. तिसरा घट्ट. काकांनी त्याने मालकाच्या दुसऱ्या, कोरड्या सिगारच्या टोकावरची पानाची टोपी तेवढी उडवली. खालचं पान उसवलं नाही.

"हा घ्या. आणि कापायच्या आधी चोखू नका."

"बरं, गुरुजी. जुन्यालाही धार लावून ठेवा. हा मॅनेजर उद्या सुऱ्यांबरोबर नेईल."

"नवा घेतलात ना?"

"नवा माझा. जुना पाहुण्यांना. जेवण झालं की सगळ्यांत फिरतो."

"आणि नखं?" सुनेला राहवलं नाही.

मालक मनापासून हसला. "ती जुन्यानेच! नवा कशाला खराब करू?"

दोघं गेले. काकांनी काउंटर गरम पाण्याने पुसला, मग स्पिरिटने, मग पुन्हा स्पिरिटने. समोरचा चहा तसाच गार झाला.

"धार लावणार?" सुनेने विचारलं.

"साठ सुऱ्या आहेत, बाई."

"आणि पाहुणे किती?"

काकांनी पेटीतली पुढची सुरी उचलली.

बुधवारी चार वाजता मॅनेजर आला. पेटीच्या झाकणावर काकांच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'सुऱ्या साठ. कटर देणार नाही.'

मॅनेजरने ती दोनदा वाचली. "काका, मी साहेबांना काय सांगू?"

"चिठ्ठी दाखव."

"तुम्हाला सोपं आहे हो," म्हणत त्याने पेटी उचलली.

कटर स्पिरिटच्या बरणीत बुडवून ठेवला आहे. आज सोमवार. दुपारी दोनपर्यंत सुऱ्यांची पेटी आलेली नाही.