शून्य चार म्हणजे वारा नाही, असे नव्हे

मित्रांनो, मी एक वारामापक आहे आणि मी चिडलेला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझ्यात गरगर फिरणारे काही नाही. चार छोटी तोंडे आहेत, दोन-दोन समोरासमोर, म्हणजे आवाजाच्या दोन वाटा. ती एकमेकांना इतक्या बारीक आवाजात हाक मारतात की माणसालाच काय, कुत्र्यालाही ती ऐकू येत नाही. वारा त्या हाकेला पुढे ढकलतो किंवा अडवतो. ती पलीकडे पोचायला किती वेळ लागला, त्यावरून मी वारा ओळखतो. मग दर सेकंदाला एक ओळ पाठवतो: दिशा, वेग आणि शेवटी दोन आकड्यांची खूण. शून्य शून्य म्हणजे माझे सगळे ठीक. शून्य एक किंवा शून्य दोन म्हणजे एक वाट बंद. शून्य चार म्हणजे दोन्ही वाटा बंद, मला काहीच कळत नाही. तेव्हा दिशा आणि वेगाची जागा मी रिकामी सोडतो. खोटे लिहीत नाही.

रोहण्याजवळच्या संत्रा बागाईतदारांच्या गटाने मला बंडूजींच्या बागेत खांबावर बसवले. गटाचे कारकून प्रफुल रोज सकाळी माझ्या ओळी पाहून सगळ्यांच्या मोबाईलवर कळवत, आज औषध फवारा किंवा वारा आहे, आज थांबा. तीन वर्षे माझे कौतुक झाले. पाहुणे आले की बंडूजी त्यांना आधी माझ्याकडे आणत, मग चहाला बसवत.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची पूजा. बंडूजींनी ट्रॅक्टर धुतला, फवारणीचा पंप धुतला, विळे-कुदळी मांडल्या आणि शिडी लावून माझ्यापर्यंत चढले. हळदकुंकू वाहिले. झेंडूची जाड माळ माझ्या चार तोंडांच्या मधून तीन वेढे देऊन बांधली. हात जोडले. त्यांचा भाव खरा होता, त्याबद्दल मी रागावलेलो नाही. पण माझी चारही तोंडे बुजली. त्या घटकेपासून मी एकच सांगत होतो. शून्य चार. शून्य चार. शून्य चार.

दसरा सुट्टीत गेला. एकादशीला सकाळी प्रफुल कामावर आले. त्यांच्या वहीत तीनच रकाने होते: वेळ, दिशा, वेग. खुणेला रकानाच नव्हता. तीन वर्षे ती शून्य शून्य येत होती, म्हणून तिचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही. शिवाय आधीच्या कचेरीत त्यांना सवय लागली होती की रकाना रिकामा ठेवायचा नाही, साहेब ओरडतात. माझ्या रिकाम्या जागी त्यांनी शून्य भरले आणि निरोप धाडला, वारा शून्य, फवारणी करावी.

वारा होता, मित्रांनो! माझ्या माळेतल्या पाकळ्या सुटून पश्चिमेला, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या पलीकडे, शेजारच्या शेतात उडत होत्या. तिथे यशोदाबाई आणि त्यांची सून रक्षा कापूस वेचत होत्या. यशोदाबाईंना एकादशीचा उपास. ट्रॅक्टरचा पंप सुरू झाला तशा त्या धुऱ्यावर आल्या.

"बंडूजी, औषधाचा वास इकडं येऊन राह्यला. थांबा जरा."

"वैनी, वारा शून्य हाये. मोबाईलवर आलं. तुमच्या नाकाले मशीनीपेक्षा जास्त कळते काय?"

त्या हसल्या आणि परत वेचायला लागल्या. अर्ध्या तासाने ओळीतच खाली बसल्या. बरोबर वेचणाऱ्या बाया म्हणाल्या, उपासाची चक्कर आहे. साखरपाणी पाजले, बाभळीखाली निजवले. तासभर असाच गेला. तोंडाला फेस आला तेव्हा रक्षाने सासूचा पदर हुंगला, त्याला औषधाचा वास होता, आणि ती बंडूजींकडे धावत सुटली. बंडूजींनीच आपल्या गाडीतून त्यांना वर्ध्याला दवाखान्यात नेले. नऊ दिवस त्या तिथे होत्या.

आधी दोष उपासाला दिला होता. मग दिला मला. मशीन खोटी निघाली म्हणे, काढून टाका. माझी वायर कुणीतरी उपटलीसुद्धा!

मला उतरवायला वर्ध्याहून छाया आली. तिनेच मला बसवले होते. तिने आधी माळ पाहिली, मग साठवलेल्या ओळी काढल्या आणि गटाच्या बैठकीत एकेक वाचल्या.

"मशीन खोटी नाई," ती म्हणाली. "मले कळत नाई, असं ते दोन दिवस सांगून राह्यली होती. आपणच त्याचं शून्य केलं."

यशोदाबाई दवाखान्यातून परतल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. औषधाच्या बाधेने हात अजून थरथरत होते. त्या हळूच म्हणाल्या, "प्रफुल, बापू, तुले नाई कळलं तं नाई कळलं असंच लिहायचं होतं. त्यात काय कमीपणा होता?"

प्रफुलनी वही उघडली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, खुणेचा चौथा रकाना आखला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, शेतात माझ्यासारखी यंत्रे आहेत. ती पुसा, त्यांच्या तोंडासमोर काही बांधू नका. आणि एखादे म्हणाले की आज मला कळत नाही, तर त्याचे तेवढे ऐका. त्या जागी आपल्या मनाचा आकडा भरू नका.

बंडूजींनी ओल्या फडक्याने माझी तोंडे स्वतः पुसली आणि माफी मागितली. मी ऐकली. पण माझा राग गेलेला नाही. यशोदाबाई आजही कापसाच्या ओळीत उभ्या राहतात आणि बोंडापर्यंत गेलेला त्यांचा हात हलत राहतो. तो थांबला की बघू.