सोळावं मिनिट

आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम पाच वाजता असतो, म्हणजे साडेसहाला असतो. निमंत्रणात पाचच लिहायचं, कारण सहा लिहिलं तर लोक साडेसातला येतील, हे आमच्या टेक्सासातल्या फ्रिस्को गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग माइकवरून दिलगिरी, मग हशा, मग बटाटेवडे. इतक्या वर्षांत उशीर झाला म्हणून कुणाचं काही हिरावून घेतलेलं मी पाहिलं नाही. फार तर वडा गार मिळतो.

मी नोकरी करत होते त्या ‘विलो ब्रिज’ केंद्रात मात्र पंधरा मिनिटांचा नियम होता. ज्या मुलांना सरकारनं आईबापांपासून काढून परक्यांच्या घरी, फॉस्टर होममध्ये ठेवलेलं असतं, त्यांची आईबापांशी आठवड्यातून एक तास भेट आमच्याकडे व्हायची. खोलीत एक सोफा, एक टेबल, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मी. काय घडतं ते बघायचं आणि कंप्युटरवर फॉर्म भरायचा. पालक पंधरा मिनिटांत आले नाहीत तर भेट रद्द. तीन भेटी रद्द झाल्या की केंद्राचं कोर्टाला पत्र जायचं, की या पालकाला मुलात रस दिसत नाही.

सतरा वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसून काढली होती. इंग्रजी शिकले ती लायब्ररीत, लेकीच्या, अनिकाच्या बालवाडीच्या पुस्तकांतून, तिच्याबरोबर. काम करायचा परवाना हातात पडला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते, आणि ही माझी पहिली नोकरी. केंद्राची नियमपुस्तिका मी बोर्डाच्या परीक्षेसारखी पाठ केली.

झनाया माझ्याकडे दर गुरुवारी चार वाजता यायची. पंधरा वर्षांची, उंच, काळी मुलगी. दोन वर्षांत हे तिचं चौथं घर. पहिल्या दिवशी तिनं माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तिनं ते पुन्हा म्हणून बघितलं, चुकलं, पुन्हा विचारलं. केंद्रात सगळे मला ‘सू’ म्हणायचे, माझी सुपरवायझर पॅमसुद्धा. झनाया म्हणायची मिस सुवर्णा. ‘ण’ तिला यायचा नाही, पण अक्षर एकही खायची नाही.

तिची आई लट्रीस. भाडं थकल्यावर दोघी सहा आठवडे गाडीत झोपत होत्या, हे शाळेला कळलं, शाळेनं कळवलं, आणि मुलगी सरकारकडे गेली. मारहाण नाही, दारू नाही, काही नाही. त्यानंतर लट्रीसची ती गाडीही गेली. आता ती डॅलसच्या दक्षिणेला एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला होती आणि एका खोलीत राहत होती. आमच्या फ्रिस्कोत बस येत नाही. ती ट्रेननं प्लेनोपर्यंत यायची आणि तिथून टॅक्सी मिळेल तशी.

आली की दोघी ठिपक्यांच्या सोंगट्यांचा डॉमिनो खेळायच्या. सोंगट्या टेबलावर अशा आपटायच्या की पहिल्यांदा मी दचकलेच. लट्रीस लेकीला चिडवायची, लेक आईला. गुण एका कागदावर मांडायच्या आणि तोच कागद पुढच्या गुरुवारी पुन्हा उघडायच्या, त्यामुळे त्यांचा खेळ वसंत ऋतूपासून संपलेलाच नव्हता. लट्रीसचा आवाज मोठा होता. खरं सांगायचं तर मला तिची थोडी भीती वाटायची. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही. सावळी म्हणून मला तीन स्थळांनी नाकारलं होतं, तेव्हा असल्या बाबतीत आपण अनुभवी आहोत, असा माझा समज होता.

तिच्या दोन भेटी रद्द झालेल्या होत्या. एकदा तिला डबल शिफ्ट लावली, एकदा ती बावीस मिनिटं उशिरा आली.

त्या गुरुवारी झनायानं सोंगट्या पालथ्या मांडल्या, ढवळल्या, सात आईच्या बाजूला लावल्या, सात आपल्या. चार वाजून पाच. चार दहा. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. चार पंधराला मी फॉर्म उघडला. रद्द, कारण: पालक गैरहजर. बटण दाबायचं राहिलं होतं.

“आली,” झनाया म्हणाली. “मिस सुवर्णा, ती बघा. आली.”

मी बघितलं. पार्किंगच्या त्या टोकाला टॅक्सीचं दार उघडं टाकून लट्रीस पळत होती. लाँड्रीचा निळा झगा अंगावर तसाच, एक हात वर. मी भिंतीवर बघितलं. चार सोळा.

“पंधरा झाली गं,” मी म्हणाले, आणि बटण दाबलं.

झनाया खिडकीपासून वळली. तिनं सोंगट्या डब्यात भरल्या, कागदाची घडी घालून वर ठेवली. रद्द झालेल्या भेटीत पालक आणि मूल समोरासमोर येऊ नयेत असाही नियम होता, म्हणून मी तिला मागच्या दारानं नेलं. तिथं तिची फॉस्टर आई गाडीत थांबली होती. पुढच्या दारावर लट्रीस काच वाजवत होती, ते मागेपर्यंत ऐकू येत होतं. डबा खोलीतच राहिला.

पत्र गेलं. तीन आठवड्यांनी सुनावणी होती, आणि केंद्राची शिफारस होती की लट्रीसचे आई म्हणून असलेले हक्क संपवावेत. पंधरा वर्षांच्या काळ्या मुलीला त्यानंतर कुणी दत्तक घ्यायला रांग लावत नाही, हे पॅमनंच मला एकदा सांगितलं होतं. म्हणजे झनाया कायद्यानं कुणाचीच राहणार नव्हती. घरी मी नवऱ्याला, संजीवला सांगितलं. तो म्हणाला, तू नियमानं वागलीस, आता त्यात पडू नकोस, आपल्या ग्रीन कार्डाचे कागद पुढे सरकलेत. तो वाईट माणूस नाही. मीही तेच म्हणाले असते.

दोन दिवसांनी मंडळाचा कार्यक्रम होता. पाच वाजता. आम्ही सव्वासहाला पोचलो आणि हॉलमध्ये खुर्च्या मांडणाऱ्यांशिवाय कुणी नव्हतं. “अगं, एवढ्या लवकर कशाला आलात?” खुर्च्या मांडता मांडता मंडळाची आश्लेषा हसून म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

माझी एक सवय होती. इंग्रजी फॉर्म भरायच्या आधी मी सगळं मराठीत वहीत उतरवायची. इंग्रजीत चूक होईल म्हणून आधी मराठीत नीट लावून घ्यायचं, मग फॉर्म. रविवारी मी ती वही काढली. मला फक्त एवढं बघायचं होतं, की आपण कुणासाठी पंधराच्या पुढे कधीच थांबलो नव्हतो. तेवढं दिसलं असतं तर मी शांत झोपले असते.

मार्च. टायलर नावाचा बाप ४.२४ ला आला. माझ्यासाठी कॉफी आणली. बिचारा धापा टाकत होता. फॉर्मवर मी ‘दहा मिनिटं उशीर’ असं लिहिलं होतं. एप्रिल. लाल केसांचं जोडपं, एकोणीस मिनिटं, हायवेवर अपघात होता म्हणाले. मे. पुन्हा टायलर. अकरा महिन्यांत मी सात वेळा पंधराच्या पुढे थांबले होते. सहा वेळा गोऱ्यांसाठी, एकदा एका गुजराती बापासाठी, तो मला बेन म्हणाला होता म्हणून. रद्द केल्या होत्या नऊ. आठ काळ्या आया, एक मेक्सिकन बाप. बरोब्बर पंधराला. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, ‘मुलगा रडला, पण नियम म्हणजे नियम.’

आपण कुणाला वेगळं वागवतो असं मला एकदाही वाटलं नव्हतं. अक्षर माझंच होतं.

वही घेऊन मी आधी पॅमकडे गेले. ती चांगुलपणानं बोलली. म्हणाली, सू, तारतम्य सगळेच वापरतात, स्वतःला असा त्रास करून घेऊ नकोस, आणि ही वही कृपा करून घरी ने. मग मी कोर्टानं झनायासाठी नेमलेल्या वकीलबाईंना फोन केला. मिस व्हिटफील्ड. स्वतः काळ्या, साठीच्या. मी दहा मिनिटं बोलले. त्यांना आश्चर्य वाटेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “हे मला ठाऊक आहे. फक्त लिहून ठेवणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. भाषांतर करून आणा.”

भाषांतराला अनिका बसली. कॉलेजच्या सुट्टीत घरी आली होती. मी वाचायची, ती टाइप करायची. मेपर्यंत अडली नाही. मग हात थांबले.

“यू वेटेड फॉर हिम,” ती म्हणाली. “ट्वाइस.”

“हो.”

“आणि त्या मुलीची आई तुला दिसत होती? पळताना?”

“दिसत होती.”

तिनं बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली. मग म्हणाली, “पुढचं वाच, आई.” तिच्या लहानपणी मी तिला पाढे म्हणायला लावायचे तेव्हा माझा व्हायचा, तसा तिचा आवाज झाला होता.

कोर्टात मला शपथ दिली. न्यायाधीशांनी दोनच प्रश्न विचारले. बटण दाबण्याआधी आई दिसली होती का? दिसली होती. मग का दाबलं? मला नोकरी जाण्याची भीती वाटली, मी म्हणाले, आणि मग वाटलं की एवढं अर्धंच आहे, म्हणून उरलेलंही बोलले, की टायलर असता तर दाबलं नसतं. केंद्राचा वकील काहीतरी लिहीत होता. झनाया मिस व्हिटफील्डशेजारी बसली होती, माझ्याकडे न बघता.

तिसरी भेट न्यायाधीशांनी मोजण्यातून काढली. लट्रीसचे हक्क शाबूत राहिले, सहा महिने, त्यानंतर पुन्हा बघू. मला वाटलं आता कुणीतरी कुणाला मिठी मारेल. तेवढ्यात दुसरा कागद वाचला गेला. झनायाच्या फॉस्टर आईनं तिला आणखी ठेवायला नकार कळवला होता. जवळपास कुठेच जागा नव्हती. तिला मुलींच्या एका वसतिगृहात पाठवत होते, पश्चिमेला, मोटारीनं पाच तासांवर. भेट महिन्यातून एक, शनिवारी, दहा ते बारा.

मला त्याच आठवड्यात, सुनावणीच्या आधीच काढलं होतं. लट्रीसबद्दल नाही, टायलरबद्दलही नाही. वही ठेवली म्हणून. गोपनीयतेचा भंग.

कोर्टाच्या व्हरांड्यात लट्रीस एकटी बाकावर बसली होती. खोलीत राहिलेला डॉमिनोचा डबा मी केंद्रातून निघताना बरोबर आणला होता, तो तिच्यापुढे धरला. तिनं घेतला, उघडून कागद आहे का ते बघितलं.

मी म्हणाले, माझ्याकडे गाडी आहे, आता वेळही आहे, मी तुम्हाला तिकडे नेईन. दर महिन्याला.

तिनं डब्याचं झाकण लावलं. आवाज मुळीच मोठा नव्हता.

“तुझ्याकडे खिडकी होती,” ती म्हणाली.

“हो.”

“मला चपला हातात घेऊन पळावं लागलं. दिसलं तुला?”

“नाही. तेवढं दिसलं नाही.”

तिनं डबा पर्समध्ये टाकला. “पहिल्या शनिवारी. पहाटे साडेचारला. मी कुणासाठी थांबत नाही.”

मी चारलाच तिच्या दारात गाडी लावून बसले. ती साडेचारला खाली आली आणि मागच्या सीटवर बसली, टॅक्सीत बसतात तशी. मी थर्मासमधला चहा विचारला, नको म्हणाली. पाच तासांत तिनं दोनदा बाथरूमसाठी थांबायला सांगितलं आणि एकदा एसी कमी करायला.

आम्ही साडेनऊला पोचलो. काउंटरवरच्या मुलीनं दहाला आत बसवलं. म्हणजे लट्रीसला. मी नात्यातली नाही, म्हणून मी काचेच्या या बाजूला. लट्रीसनं सोंगट्या पालथ्या मांडल्या, ढवळल्या, सात समोर लावल्या, सात आपल्याकडे. कागद उलगडून हातानं सपाट केला.

सव्वादहा. साडेदहा. मी काउंटरवर जाऊन विचारलं. मुलगी म्हणाली, आज स्टाफ कमी आहे, कुणी मोकळं झालं की आणतील. मी म्हणाले, मग वेळ पुढे वाढवून द्याल ना? तिनं सभ्यपणे सांगितलं की भेट बाराला संपते. तसा नियम आहे. तसल्याच खुर्चीत मी अकरा महिने बसले होते, मला तिच्यावर रागावताही येईना. अकराला मी पुन्हा गेले. सव्वाअकराला पुन्हा. लट्रीस एकदाही उठली नाही. पाठ ताठ, नजर आतल्या दारावर.

अकरा बेचाळीसला झनायाला आणलं. ती बारीक झाली होती, केस कुणीतरी कसेही कापले होते. आईनं तिला धरलं तेव्हा काचेतून आवाज येत नव्हता, फक्त खांदे दिसत होते. मग दोघी बसल्या. झनायानं आपल्या सात उचलल्या आणि तेव्हा तिला मी दिसले.

मी हात थोडा वर केला. ती माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही, कशानंच नाही. मग उठली, खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या कडेला ठेवली आणि काचेकडे पाठ करून बसली. पहिली सोंगटी तिनं आपटली ती मला काचेतूनही ऐकू आली.

बाराला दार उघडलं. डाव अर्धाच झाला होता. लट्रीसनं गुण लिहिले, कागदाची घडी केली. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीनवर काहीतरी भरलं. मी पुढे वाकून वाचलं. भेट पूर्ण, दोन तास.

“अठरा मिनिटं,” मी म्हणाले. “अठरा मिनिटं झाली आहे भेट.”

तिनं वर बघितलं. “तुम्ही कोण?”

मी पर्समधून नवी वही काढली आणि तिला तिचं नाव विचारलं. बाहेर लट्रीस गाडीच्या मागच्या दाराशी उभी होती. कुलूप मी अजून उघडलं नव्हतं.