कॅप्टनसाहेबांचा दाखला

"तू फक्त दोन चांगले शब्द बोल," दादा तिच्या कानाशी लागला. "जुनी मढी उकरू नकोस."

"मी बोलणारच नाहीये. आले हेच पुष्कळ समज."

वकील संघाच्या खोलीत शोकसभेला खुर्च्या कमी पडल्या होत्या. वडिलांचा फोटो टेबलावर उभा केला होता. अंगात काळा कोट, पण छाती अजून फौजेतलीच. अकरा वर्षं फौजेत आणि अडतीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस. सगळे त्यांना कॅप्टनसाहेबच म्हणायचे. एकामागून एक वकील उठत होते आणि तोंडभरून कौतुक करत होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! हा देवमाणूस घरी पोरांची उलटतपासणी घ्यायचा. "हो की नाही? पाल्हाळ नको." जेवताना, अभ्यासाला बसलं असताना, अंगात ताप असतानासुद्धा.

ती बारा वर्षांची असताना, पलटणीने निरोपाच्या वेळी दिलेलं त्यांचं घड्याळ हरवलं. दादा शाळेच्या शिबिराला गेलेला, म्हणजे संशयाला उरली ही एकटी. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि दुपारपासून दिवे लागेपर्यंत तेच तेच विचारलं. शेवटी एकदाची सुटका व्हावी म्हणून ती "हो" म्हणाली. लगेच कागद पुढे आला. 'मी घड्याळ घेतले व हरवले.' खाली सही, तारीख.

त्या दिवशी आईने कपाटाला कुलूप लावलं ते कायमचं. पंधरा वर्षांनी हॉस्पिटलात अखेरच्या घटका मोजतानाही तिने चाव्या दादाच्या मुठीत कोंबल्या. "हिच्या हाती देऊ नकोस रे," म्हणाली. वडील पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं.

आता संघाचे अध्यक्ष बोलायला उठले.

"कॅप्टनसाहेबांचा तो दाखला कोण विसरेल? दमदाटीने घेतलेल्या कबुलीजबाबाची केस आली की ते हमखास द्यायचे. म्हणायचे, 'एका बारा वर्षांच्या मुलीने घड्याळ चोरल्याचं लिहून दिलं, वर सहीही केली. चार महिन्यांनी ते घड्याळ बापाच्याच ओव्हरकोटाच्या अस्तरात सापडलं. खिसा फाटका होता.' अहो, न्यायाधीशांचे डोळे पाणावायचे! त्या एका दाखल्यावर किती निरपराध माणसं सुटली!"

खोलीभर माना डोलल्या. मागे कुणीतरी नाक शिंकरलं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चार महिन्यांनी! म्हणजे ह्याला सगळं ठाऊक होतं. मनातल्या मनात ती आज पहिल्यांदाच बापाला अरे-तुरे करत होती. परक्यांना सोडवायला भर कोर्टात हिची कहाणी सांगताना ह्याची जीभ बरी चालायची. बायको मरताना मात्र एक वाक्य बोलवलं नाही.

"तुला माहीत होतं?" तिने दादाला विचारलं.

दादा बुटांकडे बघत राहिला. "ते म्हणाले, आता कशाला विषय काढायचा. शिस्त लागली ना तिला."

"आता ताईंनी दोन शब्द बोलावेत," अध्यक्षांनी तिच्याकडे हात केला.

ती उठली. टेबलापर्यंत गेली. फोटोकडे तिने पाठ केली.

"ती मुलगी मी," ती म्हणाली. "घड्याळ सापडलं होतं हे मला आज, आत्ता कळलं. माझ्या आईला तर कळलंच नाही. ती मला चोर समजूनच गेली. तुमच्या कॅप्टनसाहेबांना कुणी देवमाणूस म्हणा, माझी हरकत नाही. मी म्हणणार नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "आपण... आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

खुर्च्या सरकल्या. सगळी खोली उभी राहिली. ती आपल्या जागेवर आली आणि पर्स मांडीवर घेऊन खाली बसली.

दादाने तिचा दंड धरला. "ऊठ गं. लोक बघतायत."

"बघू देत."

त्याने जरा वेळाने दंड सोडला. दोन मिनिटं काही केल्या संपेनात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान तिने खाली घातली नाही.