दंडाचं जेवण

बासूने निळी टोपी इत्तोच्या परातीशेजारी ठेवली आणि तो उभाच राहिला. थोरला भाऊ घरी येऊन बसत नाही, म्हणजे आज तो भाऊ म्हणून नाही, कुरणाचा राखणदार म्हणून आलाय, हे इत्तोने ओळखलं.

"झऱ्यापाशी सापडली. कुरणाच्या आत."

कणकेतले तिचे हात तसेच राहिले. टोपी परदेशी पाहुण्या आनेलीसबाईंची होती. ॲटलास डोंगरातल्या या गावात मुक्कामाला आलेले हे पहिलेच सहा पाहुणे. त्यांना फुलं बघायची होती, आणि फुलं होती बंद कुरणात. गवताने बी धरावं म्हणून जुलैपर्यंत तिथे गावची मेंढीसुद्धा पाय टाकत नाही. इत्तोने पाहुण्यांसाठी घर रंगवलं होतं, गाद्या शिवल्या होत्या, मराकेश शहरात लोकांची भांडी घासणाऱ्या लेकीला ‘आता परत ये’ असा निरोप धाडला होता. सकाळी पाहुण्यांनी कुरणाकडे बोट दाखवलं, तेव्हा तिची जीभ रेटली नाही. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

"सांगायचं राहिलं, दादा."

"राहिलं, की राहू दिलंस?"

ती हातांची कणीक खरवडू लागली.

"पाहुण्याला दंड नसतो. यजमानाला असतो, गावजेवणाचा."

"ठाऊक आहे. मेंढी कापते."

"एकच तर आहे तुझी."

"दहा असत्या तरी एकच कापायची ना?"

संध्याकाळी सगळं गाव इत्तोच्या अंगणात जेवायला बसलं. दंड भरणाऱ्याने बसायचं नसतं. शेवटचा माणूस उठेपर्यंत किटली घेऊन लोकांच्या हातांवर पाणी घालायचं. पाहुणे मात्र भलतेच खूश होते.

"काय सुंदर स्वागत!" आनेलीसबाई म्हणाल्या. "पुढच्या गटासाठीही असंच करा. आधी फुलांत फेरफटका, मग हे जेवण."

इत्तोने ते गावाला आपल्या भाषेत सांगितलं आणि असा हशा पिकला की एका म्हाताऱ्याला ठसका लागला. एकटा बासू हसला नाही.

"खरं काय ते सांग त्यांना."

सांगितलं तर हे लोक पुन्हा फिरकणार नाहीत, आणि लेक तिकडेच भांडी घासत राहील. इत्तोने किटली खाली ठेवली आणि पूर्वी हॉटेलातल्या नोकरीत शिकलेल्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सगळं सांगून टाकलं. कुरण, टोपी, मेंढी, सगळं.

आनेलीसबाईंचा घास हातातच राहिला. तो परत ठेवून त्यांनी विचारलं,

"मग आम्ही यायचं तरी कधी?"

इत्तोने बासूकडे पाहिलं.

"कुरण उघडल्यावर," तो म्हणाला. "पण फुलं नसतील म्हणावं. मेंढ्या असतील, माश्या असतील, आणि चराईवरून आमची भांडणं."

इत्तोने ते सांगितलं, तशा बाई उठल्या. खाली ठेवलेली किटली त्यांनी उचलली आणि त्या रांगेच्या टोकाशी जाऊन पाणी घालायला वाकल्या. तिथला म्हातारा गोंधळून बासूकडे बघू लागला.

बासूने बाह्या वर सारल्या आणि आपलेच हात पुढे केले.

"बस, इत्तो," तो म्हणाला. "जेवून घे."